लास्ट स्टेजचा बॉस लोणारला राहतो

बॉस हा शब्द आपण सगळे दोनदा शिकलो. दुसऱ्यांदा शिकलो तो अप्रेझलच्या सीझनमध्ये, पण त्याबद्दल लिहायला ही जागा पुरायची नाही. पहिल्यांदा शिकलो तो शाळेत, उन्हाळ्याच्या सुट्टीत, मामाकडच्या टीव्हीसमोर फतकल मारून. ‘९९९९९९९ इन वन’ असं छापलेली कॅसेट काढायची, फुंकर मारायची, पुन्हा खोचायची आणि कॉन्ट्रा लावायचा. धबधबा चढून वर गेलं की तो बसलेला असायचा. स्क्रीनभर. दोन वळवळते हात आणि मधे जबडा. जबडा उघडला की गोळ्या घालायच्या. आणि एकदम लास्ट स्टेजला तर राक्षसही नाही, नुसतं धडधडणारं लाल हृदय. मामेभाऊ बोंबलायचा, ‘बॉस आला, बॉस आला, रिमोट मला दे!’

तो एवढा मोठा कसा दिसायचा, हा प्रश्न तेव्हा पडला नाही. आत्ता आत्ता पडला, आणि उत्तर सॉलिड निघालं. ते मशीन मुळात निन्टेन्डोचं, आपल्याकडे मिळायच्या त्या त्याच्या स्वस्त नकला. त्या ८-बिट मशीनला एका वेळी स्क्रीनवर हलणाऱ्या चित्राचे फक्त ६४ तुकडे झेपायचे. एका आडव्या ओळीत तर ८ च. नववा आला की चित्र लुकलुकायला लागायचं. आणि एक तुकडा केवढा, तर ८ बाय ८ किंवा ८ बाय १६ ठिपक्यांचा. बसवा आता यात राक्षस! मग डिझायनर मंडळींनी चक्क जुगाड केला. राक्षसाला पात्र म्हणून काढायचंच नाही. त्याला बॅकग्राउंड म्हणून काढायचं आणि अख्खी बॅकग्राउंड सरकवायची. म्हणून त्या काळातले बरेच बॉस काळ्याकुट्ट पडद्यावर येतात. १९८८ च्या मेगा मॅन २ मधला ड्रॅगन आठवा. मागचं सगळं गायब, कारण मागची जागा त्यानेच खाल्लेली असते.

म्हणजे मशीनची ऐपत नव्हती म्हणून राक्षस हाच देखावा झाला. मला हा फंडा जाम आवडतो. पुढे मशीनची ऐपत वाढली, तरी ज्यांना राक्षस खरंच कळला होता त्यांनी हा फंडा सोडला नाही. २००५ मध्ये प्लेस्टेशन २ वर ‘शॅडो ऑफ द कोलोसस’ आला. फुमितो उएदा या डिझायनरचा गेम. त्यात फुटकळ शत्रू नाहीतच. एक पोरगा, एक घोडा, एक तलवार आणि १६ महाकाय प्राणी. बस्स. त्यांच्या अंगावर केस आहेत, केसांच्या मधे दगडी कठडे आहेत, पडक्या इमारतीसारखे खांब आहेत. तुम्ही केसांना लोंबकळत वर चढता, कठड्यावर दम खाता, पुन्हा चढता. राक्षस म्हणजे शत्रूही आणि स्टेजही. आणि मारून झाल्यावर नंतर कधी त्या जागी परत गेलात तर तिथे दगडमातीचा एक ढिगारा पडलेला असतो. प्राण्याचा डोंगर झालेला असतो. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता माझ्या मित्राकडे येऊ. तो पुण्यात गेम आर्टिस्ट आहे. नाव सांगत नाही, त्याने कसल्या कसल्या कागदांवर सह्या केल्यात. मागच्या हिवाळ्यात त्याला एक काम आलं. ब्रीफ एका ओळीची: भारतीय पुराणातला वाटेल असा जायंट बॉस, आणि तो ‘ह्यूज’ वाटला पाहिजे. पठ्ठ्याने काढला. शिंगं, लाल डोळे, कवट्यांचा पट्टा, जिममध्ये आयुष्य घालवलेले दंड. परत आला. शेरा: लहान वाटतो. त्याने वीस फुटांचा चाळीस फूट केला. परत आला. मग शंभर फूट केला. पुन्हा परत, शेरा तोच. चौथ्यांदा परत आला तर काम दुसऱ्याला जाणार, हे टीम लीडने फार गोड शब्दांत सांगून ठेवलं होतं. घराचा हप्ता, लग्नाची बोलणी, सगळं त्याच महिन्यात. गडी रात्री दोनला मला मेसेज करायचा, ‘अजून किती मोठा करू यार?’

गंमत अशी आहे की त्याची चूक गणिताची होती. राक्षस दुप्पट केला की तो स्क्रीनमध्ये मावावा म्हणून कॅमेरा मागे न्यावा लागतो. कॅमेरा मागे गेला की राक्षस पुन्हा पहिल्याएवढाच. लहान होतो तो हिरो. शंभर फूट काय आणि हजार फूट काय, सोळा इंची मॉनिटरवर सोळा इंचच.

आणि ते शिंगं-दंड प्रकरण? त्याचा रेफरन्स बोर्ड मी पाहिला. तोच राक्षस थोड्या फरकाने युरोपातल्या किल्ल्यात असतो, नरकात असतो, परग्रहावर असतो. आमच्या इथे आला की त्याच्या गळ्यात रुद्राक्षाची माळ पडते. आर्टिस्ट लोकांची एक साधी टेस्ट असते: आकृती पूर्ण काळी करा, आतलं सगळं पुसा, नुसती बाहेरची रेघ ठेवा. तरी ओळखू आली तर डिझाइन पास. मित्राचा राक्षस काळा केला तर तो कुठलाही राक्षस होता. उलट कोकणातल्या दशावतारातला संकासुर घ्या. तो काळा करायचीही गरज नाही, मुळातच काळा. काळे कपडे, झाकलेलं तोंड, बाहेर लोंबणारी लाल जीभ. बजेट काय, तर कापड. पण मालवणातलं शेंबडं पोरही लांबून ओळखेल. नागपूरची काळी आणि पिवळी मारबत घ्या. १८८० च्या दशकापासून तान्हा पोळ्याला मिरवणूक निघते. त्या अरुंद गल्ल्यांमधून तो पुतळा चालला की तो मोठा का वाटतो? कारण गल्ली लहान आहे! घरांच्या गच्च्या त्याच्या खांद्याला लागतात. आपल्याकडे हे ज्ञान पडलंय, पण रेफरन्स बोर्डवर ते कुणी लावत नाही.

आपल्याकडे कुणी प्रयत्नच केला नाही असं नाही हं. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ काढला. आधी क्राउडफंडिंगचा प्रयत्न फसला होता, तरी त्यांनी रेटलं, आणि त्या वर्षी द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या गेम्सच्या यादीत त्यांना नॉमिनेशन मिळालं. भाऊ हरवलेली एक सर्कशीतली पोरगी आणि महाबलासुर नावाचा दैत्य. त्यातल्या हवेल्या, भिंतीवरची चित्रं, सावल्यांच्या बाहुल्यांनी सांगितलेली गोष्ट, सगळं एकदम देखणं. पण माझं प्रामाणिक मत विचाराल तर मला त्यातल्या भिंती जास्त आठवतात, असुर कमी. त्याउलट २०१२ मध्ये जपान्यांनी ‘असुराज रॅथ’ नावाचा एक अचाट गेम केला. त्यात वायझेन नावाचा एक बॉस चिडून फुगतो, फुगतो आणि पृथ्वीहून मोठा होतो. आता अशा माणसाशी मारामारी करायची कशी? तो आकाशातून एक बोट खाली आणतो. नुसतं एक बोट, आणि आपण त्या बोटाशी लढायचं. असुर आपले, बोट त्यांचं!

तर मला एका ट्रॅव्हल स्टोरीसाठी लोणारला जायचं होतं. मित्राला म्हटलं, चल, लॅपटॉप घरी ठेव. त्याने लॅपटॉप घेतला, पण आला.

वाटेत वेरूळला थांबलो. सोळा नंबरचं लेणं, कैलास, आठव्या शतकातलं. सगळे जण तिथे मान वर करून बघतात. दक्षिणेच्या बाजूला मात्र खाली बघायचं. तिथे रावण कैलास पर्वत हलवतोय. हे शिल्प फोटोत शंभरदा पाहिलेलं असतं, पण प्रत्यक्ष पाहताना कळतं की शिल्पकाराने काय केलंय. रावणाला त्याने मोठा केलेलाच नाही. त्याला खाली, खोल खोदलेल्या कोनाड्यात टाकलंय, जवळजवळ भिंतीपासून सुटा. त्याच्या भोवती अंधार साठतो. अंधारात हातांचा नुसता पंखा दिसतो. आणि वर उजेडात शंकर-पार्वती. पार्वती दचकून शंकराचा दंड धरते आहे. मागे एक दासी चक्क पळत सुटली आहे. शंकर मात्र निवांत, पायाचा अंगठा दाबतोय. एवढंच.

मित्र त्या दासीकडे बघत राहिला. म्हणाला, ‘ही बघ. रावण केवढा आहे हे ही सांगते. रावण नाही सांगत.’

गेमवाल्यांच्या भाषेत याला म्हणतात आधी इशारा देणं. बॉस घाव घालण्यापूर्वी खांदा मागे नेतो, जमीन थरथरते, कावळे उडतात. कावळे उडाले की खेळणाऱ्याच्या पोटात गोळा येतो, बॉस दिसण्याआधीच. वेरूळच्या कारागिराने साडेबाराशे वर्षांपूर्वी कावळ्यांच्या जागी दासी पळवली. (आमच्या ऑफिसात बॉस येण्याआधी चहावाला पळतो. तंत्र तेच.)

लोणार संभाजीनगरहून साधारण दीडशे किलोमीटर. गावात शिरल्यावर सगळे आधी विवराकडे धावतात. आम्ही आधी दैत्यसूदनाच्या देवळात गेलो, कारण मला ऊन चढायच्या आत आतले फोटो हवे होते. चांदणीच्या आकाराचं तळखडं, बाहेरच्या भिंती मूर्तींनी गच्च भरलेल्या, वरचं शिखर अर्धवट राहिलेलं. आत काळोख. छतावर पुराणातले प्रसंग कोरलेत, नरसिंह आणि हिरण्यकशिपू वगैरे. ते पाहायला टॉर्च लागतो आणि टॉर्च धरायला गाइड काका लागतात. गाभाऱ्यात त्यांनी टॉर्च खाली आणला. ‘भाऊ, देवाच्या पायाखाली पाहा. तो पडेल हाय ना, तोच लवणासुर.’

मित्राचा चेहरा बघण्यासारखा झाला. ‘एवढासा?’

एवढासाच. कारण आपल्या मूर्तिकामात उंची ही मानाची असते. देव मोठा, भक्त लहान, दैत्य पायाखाली. गेममध्ये नेमकं उलटं, कारण तिथे हिरो म्हणजे आपण, आणि आपल्याला आपण लहान वाटलो तरच जिंकण्यात मजा. मित्र म्हणाला की हा रेफरन्स आपल्या काही कामाचा नाही. काका हसले. म्हणाले, ‘मूर्तीत कायले शोधता? तो तिकडं हाय ना, गावाबाहेर.’

आणि मग त्यांनी गोष्ट सांगितली. तुम्हाला माहीत असेल तर हा परिच्छेद सोडा. लवणासुर इथे जमिनीखाली राहायचा. त्याच्या बिळावर झाकण होतं. देव हैराण झाले, विष्णूने देखण्या तरुणाचं रूप घेतलं, दैत्याच्या बहिणी त्याच्यावर भाळल्या आणि त्यांनी भावाचा पत्ता सांगून टाकला. विष्णूने पायाच्या अंगठ्याने झाकण उडवलं. (पुन्हा अंगठा!) आत दैत्य झोपलेला. मग झटापट, मग वध. त्याला त्याच्याच घरात पुरला. उडालेलं झाकण लांब जाऊन पडलं आणि त्याची टेकडी झाली. सरोवराचं पाणी म्हणजे त्याचं रक्त, आणि पाण्यातला क्षार म्हणजे त्याचं मांस.

यातली झटापट सांगायला काकांना चार शब्द पुरले. झाकण सांगायला मात्र ते थांबले, दोन्ही हात पसरले आणि पाय आपटून दाखवला.

मग आम्ही काठावर गेलो. व्यास सुमारे १.८ किलोमीटर. काठापासून तळापर्यंत जवळपास दीडशे मीटर, म्हणजे पंचेचाळीस-पन्नास मजली टॉवर आत उभा केला तर गच्ची काठाला लागेल. खाली हिरवं रान, मधे ते पाणी. विज्ञान सांगतं की बेसाल्टच्या खडकात अशनी आदळून हे झालं. कधी, यावर वाद आहे. आधीचा अंदाज पन्नास हजार वर्षांच्या आसपासचा, नंतरच्या मोजणीत पावणेसहा लाखांच्या आसपासचा. मला त्या क्षणी दोन्ही आकडे सारखेच वाटले. खाली उतरायला लागलो तसा वास यायला लागला, सडक्या अंड्यासारखा. वानरं झाडांवरून बघत होती.

आता मघाचं वाक्य काढा. प्राण्याचा डोंगर झालेला असतो. उएदाच्या गेममध्ये २००५ साली जे झालं ते इथल्या गोष्टीत कधीच होऊन बसलंय. इथे दैत्याचं चित्र नाही, त्याची जागा आहे. आणि ती जागा ज्या कोणी बघितली त्याने तिच्यावरून दैत्य मागे मागे रचत नेला. पाणी खारट का? रक्त आहे. कडेला पांढरा थर का? मांस आहे. एवढा खड्डा का? घर होतं. लांबवर सुटी टेकडी का? झाकण आहे. प्रत्येक गोष्टीला पुरावा, आणि त्या पुराव्यांच्या मधोमध रिकामी जागा. नाव तरी बघा ना, लवणासुर. मिठाचा राक्षस. साईझ, रंग, चव, वास, सगळं एका नावात. मटेरियल काय हा प्रश्न थ्रीडी आर्टिस्टला आठवडा खातो, इथे नावातच सोडवलाय.

बॉस मेल्यावर गेममध्ये लूट पडते, तीही इथे आहे. ‘ऐन-ए-अकबरी’त लोणारच्या नोंदीत काच आणि साबण बनवायच्या सामानाचा उल्लेख येतो. म्हणजे अकबराच्या काळात लोक दैत्याच्या मांसाने कपडे धूत होते. आणि बॉसची दुसरी फेज? मारता मारता बॉसचा रंग बदलतो आणि तो दुप्पट खवळतो, तो प्रकार? जून २०२० मध्ये, लॉकडाऊन चालू असताना, सरोवराचं पाणी गुलाबी झालं. लोक घरात कोंडलेले, आणि मोबाइलवर लोणारचे फोटो. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासून सांगितलं की हे खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचं काम आहे, त्यांच्यातलं रंगद्रव्य गुलाबी असतं. त्याच वर्षी सरोवराला रामसर स्थळांच्या यादीत जागा मिळाली. पण खरं सांगा, रक्ताची गोष्ट ठाऊक असलेल्या माणसाच्या अंगावर तो फोटो बघून काटा आला नसेल?

मित्र खाली पाण्यापाशी बराच वेळ बसला. लॅपटॉप काढला नाही. परत चढताना धापा टाकत एवढंच म्हणाला, ‘मी तीन वेळा राक्षस काढला. झाकण एकदाही नाही काढलं.’

पुण्याला आल्यावर त्याने चार दिवसांत नवीन डिझाइन दिलं. त्यात शिंगं नाहीत. सुरुवातीला बॉसच नाही. एक गोल पठार आहे, त्यावर गाव आहे, विहिरी आहेत, एक देऊळ आहे. खेळणारा त्या गावात अर्धा तास हिंडतो, पाणी पितो, पाणी खारट लागतं. बायका विहिरीवरून भराभर निघून जातात. कुत्री आधीच पळालेली असतात. मग पठाराच्या कडेने एक बारीक भेग सरकत जाते, गोल, पूर्ण गोल, आणि आपल्याला कळतं की आपण अर्धा तास झाकणावर उभे आहोत. त्यानंतर त्याने फक्त एक हात दाखवलाय. मिठाचे पापुद्रे सुटणारा, ओला, विवराच्या काठाला धरणारा. बोटांच्या मधे झाडं मोडताहेत.

मी स्केच पाहिलं तेव्हा खरंच पोटात गोळा आला. हात स्क्रीनच्या एका कोपऱ्यातच होता.

या वेळी ‘लहान वाटतो’ हा शेरा आला नाही. टीम लीडने आधी ते सगळ्या टीमला दाखवलं म्हणे, मग दार लावून घेतलं आणि विचारलं, ‘सही आहे. पण प्लेअर याला मारणार कुठे?’ मित्र म्हणतो झाकण पुन्हा बसवायचं, तीच फाइट. लीड म्हणतो, पैसे देऊन गेम घेणाऱ्याला मारायला काहीतरी हवंच, निदान एक डोळा तरी दाखव. काम अजून मित्राकडेच आहे. डोळ्यावरून वाद चालू आहे. परवा त्याने मला दोन स्केचेस पाठवली, एकात डोळा आहे, एकात नाही, आणि खाली प्रश्न: ‘तू सांग.’ मी बिनडोळ्याच्या बाजूने मत दिलंय.